पऱ्हाटी फुटली, तू काई आली नाई

बाबा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते गाणं आठवलं की डोकं तापतंच. आई मुकुटबनला मामाकडे गेली ते कापसाचे वाईट दिवस होते. विहिरी आटल्या, म्हणून शेतातल्या पंपांच्या मोटारी जळायच्याही थांबल्या आणि पांढरकवड्याचं तुमचं जळक्या मोटारी नव्या तारेने बांधायचं दुकान ओस पडलं. तुम्ही पुसदच्या एका ऑर्केस्ट्रातल्या माणसाकडून जुनी लाल गिटार आणली आणि दिवसभर तीच कुरवाळत बसलात. आई काही विचारायची, तुम्ही तारा पिळायचे. शेवटी ती म्हणाली, "घरात मानूस हाय का नाई, तेच समजत नाई मले," आणि दिवाळी होताच कापूस वेचायच्या निमित्ताने निघून गेली.

मी कॉलेजातून येऊन भाकरी थापायची आणि तुम्हाला विनवायची, "बाबा, जा ना, घेऊन या तिले. बस तर दुकानासमोरूनच जाते." तुमचं एकच, "ते गेली तिच्या मनानं, येईन तिच्या मनानं." तिकडे मामा सांगायचा, आईचं म्हणणं, ते न्यायला आले तरच येईन. दोघांच्या मध्ये मी. आणि तुम्ही काय केलंत, तर शेतातली कपाशी फुटलेली बघून गाणं रचलंत! 'पऱ्हाटी फुटली, तू काई आली नाई.' रिकामा ट्रक डांबरी रस्त्यावरून निघावा तसा त्याला ठेका. तुम्ही ऑर्केस्ट्रात शिरलात आणि लग्नालग्नांतून ते गात सुटलात. केळापूरच्या मांडवात बाया पदराने डोळे पुसत होत्या. एक काकू मला म्हणाली, "तुह्या बापाचं किती दुखते वं!" मी मनात म्हटलं, दुखतंय तर बसमध्ये बसायला काय होतं या माणसाला?

मग चैत्रात मुकुटबनचंच लग्न मिळालं. भर दुपार, कापडी मांडव. मी मुद्दाम तुमच्यासोबत आले होते. आई बायकांत बसली होती, हिरवं लुगडं नेसून. तुम्हाला ती दिसली आणि तुमचा आवाज चिरकला, तरी तुम्ही गाणं पुरं केलंत. मी घामाघूम झाले होते. सगळा मांडव वळून आईकडे बघत होता. ती उठली, सरळ तुमच्यापुढे येऊन उभी राहिली.

"साऱ्या जिल्ह्याले सांगून राह्यले, मले काहून नाई सांगितलं?"

माईक तुमच्या तोंडासमोर चालूच होता. तुम्ही म्हणालात, "मले गान्याबिगर बोलता येत नाई वं." ते लाउडस्पीकरवरून अख्ख्या गावाने ऐकलं. लोक हसले. आई हसली नाही. "मंग शिका," एवढंच म्हणाली आणि मामाकडे जाऊन पिशवी घेऊन आली. परतीच्या बसमध्ये तुम्ही दोघं शेजारी बसलात आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. मी मागच्या सीटवर कपाळावर हात मारून घेतला.

त्यानंतर तुम्ही ते गाणं परत कधी म्हटलं नाही. लोक फर्माईश करायचे, तुम्ही म्हणायचे, "आता बायको घरीच हाय, कोनासाठी म्हनू?" कॅसेटही केली नाही. मी मागे लागले होते, तुम्ही हसण्यावारी नेलंत. याचाही मला राग आहे.

कारण परवा मी बाजारातून आले तर आई तूर निवडत गात होती. अख्खं गाणं, सगळी कडवी. त्या एका दुपारी ऐकलेलं! मला बघून थांबली.

"आई, म्हण ना पुढं."

"कायले? ऐकनारा कुठं हाय आता?" म्हणाली आणि सुपातली तूर पाखडायला लागली.

मी स्वयंपाकघरात गेले, भांडी आदळली, तुम्हाला मनात येईल ते बोलून घेतलं. साधं आजारपणही तुम्ही आम्हाला नीट सांगितलं नव्हतं, बाबा. दवाखान्यात 'बरं हाय' म्हणालात आणि भिंतीकडे तोंड केलंत. हे लिहून झालं की मी फाडणार, पत्ता तरी काय घालू? पण एक सांगते. तुमच्याशी भांडताना तुम्ही समोर बसल्यासारखे वाटता. म्हणून मी हा राग जाऊ देत नाही.