आडवे झोपता येते

बाबा, कासारवाडीच्या खोलीत शेवटचे दोन महिने तुम्ही भिंतीला पाठ टेकवून बसल्याबसल्याच झोपत होता. चेहरा सुजून गोल झाला होता आणि कारखान्यातले तुमचे सोबती पाहायला येऊन म्हणत, "राव, तब्येत सुधारली की!" मीही तसेच समजलो. अजून डोळ्यांपुढे येते: मी तुम्हांला गादीवर आडवे करतो आहे, तुम्ही माझे मनगट धरून म्हणता, "बसू दे मला. आडवा झालो की गुदमरतो." मी तुम्हांला हट्टी म्हणालो होतो.

यंदा माझ्या सदऱ्याचे गळ्याचे बटण लागेना. ते लावल्यावाचून मी घराबाहेर पडत नाही. चार सदरे घेऊन लाँड्रीवाल्याकडे गेलो आणि कापड आटवल्याबद्दल त्याला खडसावले. तो हसला. "काका, शर्ट न्हाई आटला, तुमची मानच फुगलीय. आरशात बगा की जरा!"

तपासणीत फुफ्फुसाचा कर्करोग निघाला. डोक्याकडून आणि हातांकडून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर त्या गाठीने दाबून जवळजवळ बंद केली होती. तुमचेही तेच झाले असावे; तेव्हा आपल्याला कोणी सांगितले नाही. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "जांघेतल्या शिरेतून जाळीची नळी वर नेऊन तिथे बसवू. स्टेंट म्हणतात तिला. रस्ता मोकळा होईल. आजार मात्र बरा होणार नाही, काका."

"मग कशासाठी?"

"आहेत ते दिवस आडवं झोपता यावं म्हणून."

इतके नेमके उत्तर मला बऱ्याच वर्षांत कोणी दिले नव्हते. मी सही केली.

तीन-चार दिवसांत सूज ओसरली. आता मी तीनऐवजी एका उशीवर झोपतो. तुमची सून शेजारणीला सांगते, "बरे झाले हो हे!" तिची साधी वाक्येही मी आजवर दुरुस्त करत आलो, या वाक्याच्या वेळी वर्तमानपत्र वाचत राहिलो. काल पोहे परतता परतता तिने विचारले, "अहो, आता दवाखान्यात परत जायचं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

हे पत्र तिच्या हाती लागू नये म्हणून फाडून टाकणार आहे. तिचा आनंद मोडवत नाही, हे त्यामागचे अर्धेच कारण. ती "बरे झाले" म्हणाली, तेव्हा घटकाभर मलाही ते खरे वाटले होते.