रेश्माची लाट

११ नोव्हेंबर

दिसली! मला नाही — रेश्माला!

लॅबमध्ये येऊन तिला जेमतेम चार महिने झालेत. ती काचेची नळी उभी केली मी. हवा ओढणाऱ्या पंपाचं तेल बदललं मी. गळती शोधता शोधता बोटं काळी केली मी. माझी पीएचडी पाच वर्षं रखडली ती याच एकट्या पळणाऱ्या लाटेपायी. आणि आज ही जामखेडची मुलगी ओरडते, "आलियाताई, बघा ना! लई भारी!"

पाहिलं. नळीत प्लाझ्माचा जांभळा उजेड. त्यात तरंगणारी बारीक धूळ, लेझरनं हिरवीगार झालेली. विजेचा झटका दिला की धुळीचा एक उंचवटा उठला आणि न फुटता, न पसरता टोकापर्यंत गेला. एकटाच.

आमच्या गाईड मॅडमनी तिला मिठीच मारली. मग मला म्हणाल्या, "आलिया, पेढे आण गं."

आणले. मीच!

१६ नोव्हेंबर

बेलापूरला घरी. अम्मी म्हणाली, "क्या हुआ गे? मूं उतारके कायकू बैठी?" डोकं दुखतंय म्हणाले. घरात आम्ही दखनी बोलतो, पण जळफळाट मला मराठीतच लिहिता येतो. शाळा मराठी ना.

१८ नोव्हेंबर

बंगळूरच्या परिषदेला मॅडम रेश्माला नेणार. मला म्हणाल्या, "तू पंपाकडे लक्ष ठेव."

२० नोव्हेंबर

तिची चूक शोधायलाच बसले. इथे खोटं कशाला लिहू? खरी एकटी लाट असली की उंच उंचवटा अरुंद असतो आणि बुटक्यापेक्षा जोरात पळतो. रेश्मानं हे तपासलंच नव्हतं! मी मोजलं. तिचे उंच-बुटके सगळे एकाच वेगाचे. म्हणजे साधीच लाट, आमची नव्हे.

इतकं बरं वाटलं की कँटीनमध्ये जाऊन दोन वडे खाल्ले.

२१ नोव्हेंबर

सगळ्यांसमोर सांगितलं. तिला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

रेश्मा पडद्याकडे बघत राहिली. मॅडम तिच्यावर कडाडल्या — "न मोजताच मला नाचवलंस?" बंगळूर रद्द. ती मान खाली घालून पिशवी भरत होती. तिचा डबा टेबलावरच राहिला.

२५ नोव्हेंबर

रेश्मा आली नाही.

२ डिसेंबर

अजून नाही. लॅबमध्ये नुसता पंपाचा आवाज. मला वाटलं होतं मजा येईल.

मॅडम म्हणाल्या, "तिचे बाकीचे व्हिडिओ एकदा चाळ. कामाचे नसतील तर पुसून टाक, जागा अडलीय."

४ डिसेंबर

तिच्या शेवटच्या दिवशीचा व्हिडिओ. नळीतला गॅस कमी करून घेतलेला. तिनं तो नीट पाहिलाही नसावा. पुढे बुटका उंचवटा चाललाय, मागून उंच. उंच जोरात आला, बुटक्याला गाठलं, दोघं एकमेकांत मिसळले — आणि वेगळे होऊन जसेच्या तसे पुढे गेले! कुणाला काही झालं नाही!

मोजलं. पुन्हा मोजलं. खरी आहे. अगदी खरी.

इतकी सुंदर असेल असं वाटलं नव्हतं. डोळे भरून आले. आणि लगेच आठवलं — ही पण तिचीच!

उद्या मॅडमना सांगायचं. नक्की.

५ डिसेंबर

मॅडम दिवसभर मीटिंगमध्ये. सांगायचं राहिलं. चहाला बाहेर आल्या होत्या तशा.

८ डिसेंबर

रेश्माचा फोन. गावाजवळच्या शाळेत तिला नोकरी मिळतेय. आजच हो-नाही कळवायचंय. वडील मागे लागलेत, घे म्हणून.

"तुमच्यावर राग न्हाई माझा, ताई. तुमी मोजलं ते बरोबरच हुतं. एकच सांगा — बाकीच्या व्हिडिओत काही हाय का? असंल तर शाळेला न्हाई म्हणते अन् उद्याच येते."

मी म्हणाले, "काही नाही गं. सगळे पाहिले मी."