हाताची साखर

ता. ९, सोमवार

धाकट्यास दादाचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझी वहिनी ठीक आहे, माझ्यावर खेकसते म्हणजे ठीकच असणार. अक्षर वेडंवाकडं आलंय, हसू नकोस, हल्ली नीट दिसत नाही. बेकरी सध्या बंद आहे. कारण पुढे लिहितो.

तू अगदी शेवटी लिहिलंयस की तापलेला ट्रे पायावर पडला, बोट भाजलं, महिना झाला तरी जखम ओलीच आहे, पण दुखत नाही. ती ओळ मी वहिनीकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली.

दुखत नाही हे चांगलं नाही रे.

तू आपल्या बेकरीत होतास तेव्हा औषधवाल्याने आपल्या दोघांची बोटं टोचून यंत्रावर साखर पाहिली होती, आठवतं? दोघांचेही आकडे एवढे मोठे की तो बिचारा घाबरला. तू म्हणालास, "अहो, दिवसभर केकवर साखर भुरभुरतो आम्ही. आमची बोटं बुडवली तर तुमचा चहा गोड होईल!" काय हसलो होतो! बोटाला साखर असली की आकडा चुकतो, हे खरंच आहे. पण मग हात धुऊन पुन्हा बघायला नको होतं का? दोघांनाही सुचलं नाही.

परवा इथल्या डॉक्टरांनाही मी तेच ऐकवलं. ते म्हणाले, "आजोबा, हे रक्त शिरेतलं आहे. हाताची साखर शिरेत जात नाही."

मला समजलं तसं सांगतो. रात्रभर उपाशी राहून सकाळी रक्त द्यायचं. आकडा शंभराच्या आत हवा. एकशे सव्वीस किंवा वर गेला की मधुमेह. माझा दोनशे चाळीस. खात्रीसाठी दुसरी तपासणी केली. ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, तिला उपास लागत नाही. तिथे साडेसहा टक्क्यांपासून मधुमेह धरतात. माझे साडेअकरा. दोन दिवस गोड सोडून ती खाली येते का, हेही विचारलं. येत नाही.

इथले डॉक्टर म्हणजे इस्पितळातले. लिहायचं नव्हतं. बुटाने माझी टाच सोलली होती, साखरेने नसा बधिर झाल्या म्हणून तीही दुखत नव्हती, आणि बघता बघता काळी पडून सडली. उद्या डावा पाय गुडघ्याखालून काढणार आहेत. वहिनीने घरून माझ्या चपला आणल्या. पलंगाखाली जोड ठेवताना तिचा हात थांबला, मग तोंड फिरवून बसली. भट्टीपुढे आता कोण उभं राहणार? बेकरी गेलीच समज.

तू ऐकणार नाहीस, ठाऊक आहे. "दादा पहिल्यापासून घाबरट," म्हणशील आणि हे पत्र डब्याखाली ठेवशील. मला बघायला येऊ नकोस, इथे आता बघण्यासारखं काही नाही. तो दिवस तिकडच्या दवाखान्यात घाल. शिरेतलं रक्त दे, पाय दाखव. बोट काळं पडलंय का, तेवढं खरं कळव.

तुझ्या दोन्ही पायांची वाट पाहणारा,
दादा