धोट्याचा दोरा

साउथपोर्ट,
ता. ७ मार्च १९२१

ती. टॅमरवन्सं यांस,
लेटीचा शि. सा. न.

माझं बरं चाललंय. माहेरच्या दुकानात पाव आणि केक विकते. पत्रास कारण, सरकारी कचेरीचं उत्तर आलं. एनॉक लढाईतल्या विषारी वायूने आजारी पडून गेला असं सिद्ध झालं, तरच त्याचं नाव वीरांच्या यादीत चढेल आणि कबरीवर सरकारी दगड बसेल. त्यांचे डॉक्टर म्हणतात, लहानपणापासून गिरणीत मागावर कामाला होता, छाती कापसाच्या धुळीने गेली असेल.

आता मी काय सांगणार? मला तो भेटलाच इथल्या इस्पितळात, खोकताना. धडधाकट एनॉक सगळा तुमच्या वाट्याला आला, माझ्या वाट्याला औषधाच्या बाटल्या. तेव्हा लढाईआधी त्याची छाती कशी होती ते तुम्हीच लिहून पाठवा.

आणि एक विचारते, राग मानू नका. गिरणीच्या गोंगाटात तुम्ही आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलता, ते ठीक. पण घरी जेवताना, माझ्या डोक्यावरून, कशाला? शेवटच्या नाताळातही मी बटाटे वाढत होते आणि तुम्हा बहीणभावांचे ओठ चालले होते. माझ्याच घरात मी परकी. काय एवढं गुपित होतं?

लोभ असेल तेवढा असू द्यावा.

आपली,
लेटी


नेल्सन,
ता. १५ मार्च १९२१

चि. लेटीस,
अ. आ.

माझ्या नावाने बोटं मोडतेस, हे ठाऊक होतं. निदान आता कागदावर आलं. माझं म्हणशील, तर दोन वर्षांत तू त्याला इतका आपलासा केलास की रविवारीही तो माझ्याकडे फिरकेना. तेव्हा हेवा काय एकट्या तुलाच येतो असं समजू नकोस.

आता छातीचं. मागावरच्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की धोट्याच्या भोकाला ओठ लावून दोरा श्वासाने ओढून घ्यावा लागतो. लढाईआधी एनॉक एका दमात ओढायचा, पैजेवर बिअर जिंकायचा. परत आल्यावर त्याला ते जमेना. दोरा यायच्या आधी खोकला यायचा. मग माझ्या मागांचं सांभाळून त्याचे धोटेही मीच भरायचे. मुकादम सटक्लिफ बघायचा आणि तोंड फिरवायचा. तो पाद्रीबाबांसमोर सही करायला तयार आहे, मीही करते. धुळीने गेलेली छाती पैजा जिंकत नाही, म्हणावं.

तुला सांगायचं नाही, अशी त्याने मला शपथ घातली होती. बायकोपुढे त्याला कमावता पुरुष म्हणून राहायचं होतं. तुझ्या नवऱ्याला दम मी पुरवला आणि पगार तो तुझ्या हातात ठेवायचा.

नाताळचं ऐक. तो ओठांनी म्हणत होता, लेटी फुगलीय, तिला जरा हसव, मी हसवायला गेलो तर खोकला येईल. म्हणून मी तुला सटक्लिफच्या टोपाची गोष्ट सांगितली. तू हसली नाहीस.

जिवाला जपावे.

तुझी,
टॅमर


साउथपोर्ट,
ता. ३० ऑक्टोबर १९२१

ती. टॅमरवन्सं यांस,
शि. सा. न.

दगड बसला त्या दिवशी तुमच्याशी नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. तुमचं मार्चचं पत्र वाचून मी आठ दिवस तुमच्यावर चिडले होते आणि त्याच्यावर त्याहून जास्त. त्या टोपाच्या गोष्टीला मी परवा हसले, दुकानात, गिऱ्हाइकासमोर.

दगडावर तळाशी घरच्यांची एक ओळ घालू देतात. पाद्रीबाबांनी सुचवलेली वचनं मी बाजूला ठेवली आणि लिहून दिलं, ‘लेटीचा आणि टॅमरचा’. माझं नाव आधी आहे. ते मुद्दाम.

तुम्ही पाठ फिरवून सटक्लिफशी बोलत होतात ना, तेव्हा मी एनॉकशी बोलून घेतलं. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, तुमच्यासारखं. तुमची पाठ वळायची मी वाटच बघत होते. समोर असतात, तर सगळं वाचलं असतंत.

काय बोलले, ते तुम्हाला सांगणार नाही. नाताळला मात्र या. लोभ आता दोघींनी वाटून घ्यावा.

आपली,
लेटी