ग्रिझेल नावाची तिसरी

ओटागो, जून १८५९

प्रिय आई,

मला नववं बाळ झालं, मुलगी आहे. बारा दिवसांची झाली, पण दूध ओढत नाही. पाद्रीबुवा इकडे तीन महिन्यांतून एकदाच येतात. ते उद्या तिचा बाप्तिस्मा करतील.

आर्ची म्हणाला, "सासूबाईंचंच नाव ठेवायचं. एक गेली की पुढचीला तेच, ही आपली रीत. मोडली तर समुद्र ओलांडून येतील माझा कान धरायला."

अकरा वर्षांची जोनेट चुलीवर पेज ढवळत होती. ती म्हणाली, "बाबा, ते नाव नको ना. त्या नावाच्या दोघी गेल्या."

दोघी, आई. पहिली ग्रिझेल जहाजावर गेली, ते तुला कळवलं होतं. दुसरी इथे जन्मली आणि गेल्या हिवाळ्यात घशाच्या आजाराने गेली. ते मी तुला लिहिलं नाही. लिहिलं, असंच आर्चीला वाटतं. परवा तू तिच्यासाठी विणलेले मोजे पोहोचले. सोबत चिठ्ठी होती, "माझ्या नावाची पोर थंडीने कुडकुडायला नको."

उद्या मी हिला आपल्या घराण्यात कुणाचंच नसलेलं नाव देणार आहे. आर्ची चारचौघांत रागावेल, रागावू दे. तुझा अपमान करायचा नाही गं मला. काहीही करून ही जगायला हवी, एवढंच मला कळतं.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुझ्याकडे ग्रिझेल अजून आहे, सहा वर्षांची आहे. तिथे तरी तिला राहू दे.

तुझी,
इसोबेल