पिंगुळीच्या पडवीवरून उठलो ते

तोंडवळी,
ता. १० डिसेंबर १९५९

गुरुदास यास सत्यवानाचा नमस्कार.

घरी सगळे खुशाल असतील. माझं अक्षर बघून पाकीट फाडावंसं वाटेल तुला. फाड, पण वाचून फाड.

बघण्याच्या दिवशी तुझ्या बहिणीनं, मथुरेनं, पोह्यांची बशी माझ्यापुढे ठेवली आणि तुझे काका म्हणाले, "काय विचारूचा आसा ता विचार रे झिला," त्या घटकेला माझं सगळं फिरलं. पडवीवरची सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी उठलो आणि चपला न घालता कुडाळच्या रस्त्याला लागलो. चपला तुमच्याकडेच राहिल्या, त्या ठेवल्या असल्यास ठेव.

इकडची खबर म्हणजे भात मळून झालं. आंब्याला मोहोर बरा आहे. आयेचा दमा थंडीनं वाढलाय. दाजीमामा अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही. स्थळ त्यांनी जुळवलं होतं. मी निघालो तेव्हा ते तुझ्या बाबांपुढे हात जोडून म्हणत होते, "पोरगो तापट आसा, मनात धरू नका." त्यावर तुझ्या आत्याचा आवाज पार फाटकापर्यंत आला, "तापट कसलो? चेडू पसंत नाय तर तोंडान सांगूक काय झाला?"

बांगड्या विकायला तुमच्याकडे येतो तो लवू परवा इथे आला होता. त्यानं सांगितलं की मथुरेला आता सगळे 'मालवणकडच्यांनी टाकलेली' म्हणतात. रविवारी रेडीची माणसं तिला बघायला येणार आहेत, आणि ती पहिली गोष्ट हीच विचारतील. दोन सुट्ट्या तुमच्याकडे काढल्या तेव्हा जी माझ्या खोकल्याचीसुद्धा नक्कल करायची आणि जिच्यासाठी मी कोल्हापूरला रात्ररात्र जागलो, तिला मी टाकली? लवूच्या अंगावर धावून गेलो मी. बांगड्या फुटल्या त्याच्या. रागीट मी आहेच, ते काही खोटं नाही.

पण पिंगुळीला तो राग नव्हता.

कोल्हापूरच्या कॉलेजातही नव्हता. तुला आठवत असेल, सरांनी मला उभं करून धडा वाचायला सांगितला आणि मी पुस्तक बाकावर आपटून बाहेर पडलो. तू खोलीवर सगळ्यांना सांगितलंस, "आमच्या सत्यानं आज मास्तरला दाखवला!" मला ते गोड वाटलं. खरं म्हणजे उभा राहिलो आणि छाती अशी धडधडायला लागली की आता मेलोच. हात बधिर झाले. पुढच्या बाकावरची मुलंही लांब गेल्यासारखी दिसत होती. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारापर्यंत गेलो आणि माघारी फिरलो. तिसऱ्या दिवशी ट्रंक भरली. तुला म्हणालो, असल्या मास्तरांकडे कोण शिकतो.

आता देवदिवाळीची गोष्ट सांगतो. हसलास तरी चालेल.

आयेनं माझ्या रागासाठी देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. मला मध्ये उभा केला. भोवती अख्खी वाडी. गावकारानं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या डोक्यात जो राग भरलो आसा..." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" "...तेच्यापायी तेची शाळा गेली, सोयरीक गेली..." "व्हय म्हाराजा!"

आणि मला ते सुरू झालं. तीच धडधड, तेच हात. पळायला वाट नव्हती, मागे ढोलवाले आणि पुढे देव. माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "राग न्हय! माका भंय वाटता! माणसांचा भंय वाटता माका!"

आणि सगळी वाडी एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

सवयीनं रे. कोणी ऐकून म्हटलं नाही ते. गावकार मात्र थांबला. नारळ हातात धरून त्यानं माझ्याकडे बघितलं, मग आयेकडे. "काशीबाय, गाऱ्हाणा बदलूचा लागतला," म्हणाला, आणि पहिल्यापासून घातलं, 'राग' काढून 'भंय' घालून. तोवर मी तिथेच उभा. छाती धडधडत होती, मग कमी झाली. मेलो नाही. मला एवढंच नवीन कळलं, की पळालो नाही तरी ते आपोआप उतरतं.

घरी येताना आयेनं विचारलं, "इतके दिवस सांगलंस कसा नाय?" मी म्हटलं, "घोवमनशान, पुरुषासारक्या पुरुषान, भंय कसा सांगूचा?" ती म्हणाली, "तुझो बापूस होडयेत चढताना दरवेळी थरथरायचो. माका तेवडाच सांगायचो." मला हे माहीतच नव्हतं.

तेव्हापासून मालवणच्या बाजारात मुद्दाम जातो. मासळीच्या लिलावाच्या गर्दीत उभा राहतो. कधी जमतं, कधी पळून येतो. काल पळून आलो. बरा झालो असं मी म्हणणार नाही.

पण रविवारच्या आत तुझ्या बाबांसमोर, काकांसमोर, आणि तुझ्या आत्यासमोर तर नक्कीच, मला सांगायचं आहे की मथुरेत काही खोट नव्हती, मी भ्यालो होतो. हे पत्रातून सांगून भागत नाही. कागद तू एकटा वाचशील, आणि तिला टाकली ती चारचौघांत. तिच्यासाठी मागणं घालायचा हक्क मला उरलाय की नाही ते मथुरेनं ठरवावं. रेडीचं स्थळ बरं असेल तर त्यांनाही हे मीच सांगेन.

पत्र मालवणला पेटीत टाकतो आणि कुडाळची एस.टी. धरतो. म्हणजे हे तुझ्या हाती पडेल तेव्हा मी येऊन गेलेलो असेन. माझ्या तोंडातून शब्द फुटला की मी पुन्हा फाटकाबाहेर धावत सुटलो, ते तुला ठाऊक असेल. मला आत्ता नाही. छाती आत्ताच सुरू झालीय, अक्षर वाकडं येतंय ते त्यामुळेच.

आये खळ्यातून हाक मारतेय, होडी सुटेल म्हणून. कंदील विझवला. दार ओढून घेतो आणि निघतो.

तुझा, अजून असलो तर,
सत्यवान