साडेसहा तासांचं न्यूयॉर्क

जानेफळ, २ सप्टेंबर २०२५

चि. समतास अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर बोलतो तर तुही आई शेजारीच कान लावून बसते, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवून राह्यलो. आईचं तिकीट भेटलं. मुंबईहून रात्री दीडले सुटन, न्यूयॉर्कले सकाळी आठले पोचन. म्हणजे फक्त साडेसहा तास. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली बाई, जानेफळहून पुण्याले जायले याच्याहून जास्त लागते.

साडेबारा हजार किलोमीटर ऐकून आईनं साफ नाही म्हटलं होतं. तिले तर बसमध्ये मेहकर येईस्तोवर मळमळते. हा टाइम दाखवला अन् लगेच हो म्हणाली. आता बाळंतपणाची काळजी सोड. इकडची माया आहे तशीच आहे, तिकडची कळवत जा.

तुहा बाबा, भाऊराव


न्यू जर्सी, ३ सप्टेंबर

ती. बाबांस सविनय जयभीम.

पत्र वाचून आधी हसले, मग तिकिटाच्या वेळा पुन्हा वाचल्या. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं आहे, बाबा. आठ वाजता पोचणार ते इथले आठ. प्रवास सोळा तासांचा आहे. आईला आजच सांगा.

रवीला बाप झाला तरी ऑफिसातून आठवडाभरच सुटी मिळणार. मला भीती वाटते, हे इथल्या डॉक्टरला कसं सांगू? मले आई पाहिजे, लय पाहिजे. पण फसवून आणलेली नको. ती नाही म्हणाली तर रडेन आणि निभावून नेईन. रागावू नका, नेहमीसारखंच सांभाळून घ्या.

तुमची समता


जानेफळ, ४ सप्टेंबर

चि. समतास आशीर्वाद, जयभीम.

सांगायले तीनदा तोंड उघडलं अन् तीनदा चहा मागितला. ती बॅग भरून राह्यली, बाळाच्या गोधड्या मोजून राह्यली. माह्याच्यानं होत नाही. तूही फोनवर तिले यातलं काही बोलू नको.

बाबा


जानेफळ, ५ सप्टेंबर

चि. समतास आईचे आशीर्वाद, जयभीम.

हे पत्र शेजारची काजल पाठवून राह्यली, बाबाले माहीत नाही. सोळा तास मले पहिल्याच दिवशी काजलनं मोबाइलवर दाखवले होते. मी बोलली नाही. काऊन, तर साडेबारा हजार किलोमीटर वाचून तोंड त्यांचं उतरलं होतं, माहं नाही. म्हणून मी नाही म्हटलं. साडेसहा तासांचा हिशोब निघाला तवा त्यांच्या जिवात जीव आला, तवा मी हो म्हटलं.

तुहं पत्र मीही त्यांच्या मोबाइलवर पाह्यलं. ते आल्यापासून परत त्यांले घास उतरून नाही राह्यला. नको जाऊ म्हणवत नाही, अन् जा म्हणवत नाही. चौतीस वर्षांत मी घरात नसली तर हा माणूस धड जेवला नाही.

मळमळन तर मळमळू दे. तुह्यासाठी सोळा काय, बत्तीस तास बसन. तू जिवाले जप, अन् दोघांवर सारखाच लोभ ठेव. फक्त बाळ झालं की फोन पहिले बाबाले लाव. मी तुह्याजवळ असन. त्यांच्याजवळ कोणी नसन.

तुही आई, सिंधू